आधी गाडीखाली शिर, मग बोनेट उघड

«काका, नमस्कार. मी जांबोटीच्या अलीकडच्या एका गावचा. नोकरी बेळगावात, उद्यमबागेत; राहायला घरीच. आमची भातशेती आणि काजूची बाग गावापासून तीन किलोमीटर आत, मधे नाला. पावसाळ्यात तिथे मोटारसायकलसुद्धा जात नाही. म्हणून जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ओढ असलेली गाडी घ्यायची ठरवलीय. साडेपाच लाख जमवलेत. दोन गाड्या बघितल्या. एक कोल्हापूरची २०१२ ची थार, सीआरडीई डिझेल इंजिनाची, मोठे टायर, उंच केलेली, दिसायला एकदम जबरदस्त; पाच लाख वीस हजार सांगतात. दुसरी म्हापशाची २००३ ची जिप्सी, तीन लाख दहा हजार. बाबा म्हणतात, जीप म्हणजे पांढरा हत्ती, बोलेरो घे. आईला दर महिन्याला बेळगावला दवाखान्यात न्यावं लागतं, तेही आहे. कुठली घेऊ?»

तुझं पत्र दोनदा वाचलं. आधी उत्तर देतो, म्हणजे जीव टांगणीला राहायला नको. आज, आहे त्या अवस्थेत आणि सांगितलेल्या किमतीला, दोन्हींपैकी एकही घेऊ नकोस. तुझ्या कामाची गाडी थारच आहे, पण काही अटींवर. त्या अटी कुठल्या, ते सविस्तर सांगतो, कारण ते समजलं तर उद्या तिसरी गाडी समोर आली तरी तुझी तुला पारखता येईल.

आपल्या भागात जुनी जीप सांभाळणं मुंबई-पुण्यापेक्षा सोपं आहे. तू रोज जातोस त्या उद्यमबागेत क्रँक घासून मिळतो, हेड फेसिंग होतं, बोअर होतो, नसलेला बुश लेथवर करून मिळतो. कोल्हापूरला उद्यमनगरात तेच. इंजिन पार बसलेलं असलं तरी उभं करणारी माणसं इथे आहेत. गिअर बॉक्स, डिफरन्शियल, ब्रेक, सगळं होतं. पैसे लागतात, पण होतं. दोनच गोष्टी होत नाहीत: कुजलेली चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, आणि खोटे कागद. म्हणून बघायला त्या दोन आधी. लोक नेमकं उलटं करतात. बोनेट उघडतात, ॲक्सिलरेटर दाबून आवाज ऐकतात, हायवेवर एक फेरी मारतात आणि बयाणा देऊन मोकळे होतात.

मीही तेच केलं होतं. १९९८ साली पहिली जीप घेतली, एम. एम. ५४०, त्यातलं प्यूजोचं डिझेल इंजिन घड्याळासारखं चालायचं. त्या आवाजावरच मी भुललो. जुलैत रोप लावणीच्या वेळी तरव्याच्या पेंढ्या भरून शेतावर निघालो आणि तांबड्या मातीत मागची चाकं बसली. खाली उतरलो, पुढच्या चाकांचे दोन्ही हब लॉक केले, फोर बाय फोरचा लिव्हर ओढला. लिव्हर अगदी जागेवर पडला. क्लच सोडला तर मागची चाकं गरगर फिरून आणखी खाली गेली आणि पुढची चाकं हललीसुद्धा नाहीत. चुलते चिखलात आडवे होऊन खाली गेले आणि तिथूनच ओरडले, "अरे, पुढचा शाफ्टच नाही!" ट्रान्सफर केसच्या, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणाऱ्या पेटीच्या, पुढच्या तोंडाला नुसता वाळलेल्या चिखलाचा गोळा होता. कुणीतरी पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट काढून ठेवला होता किंवा विकला होता. पेंढ्या डोक्यावरून न्याव्या लागल्या आणि जीप दुसऱ्या दिवशी दोन बैलजोड्यांनी बाहेर काढली. लिव्हर आहे म्हणजे फोर बाय फोर आहे, असं त्या दिवसापासून मी कधी धरलं नाही.

तेव्हा कोल्हापूरला जाशील तेव्हा जुने कपडे, एक बॅटरी आणि एक जाड स्क्रू ड्रायव्हर घेऊन जा. गाडी उंचावर किंवा रॅम्पवर चढवायला सांग. चासीच्या दोन्ही लांब पट्ट्यांवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत पुढून मागे जा. धड लोखंड टणटण वाजतं. कुजलेलं बदबद वाजतं, आणि टोक दाबलं की पापुद्रे पडतात. मागच्या पाट्यांचे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे, हँगर जिथे चासीला जोडलेत तिथे, बॉडीच्या रबरांखाली, आणि चासी वळते त्या कोपऱ्यांत जास्त वेळ दे. चिखल तिथेच साठतो आणि वर्षानुवर्षे ओला राहतो. खालून सगळं नुकतंच काळंभोर रंगवलेलं असेल तर खूश होऊ नकोस. विकायच्या आठवड्यात खालून रंग मारणाऱ्याला काहीतरी झाकायचं असतं. रंगाखाली वेल्डिंगची माळ दिसली तर का केलं ते विचार, आणि उत्तर पटलं नाही तर तिथूनच परत फिर. हुडाखालचा पत्रा आणि पायाखालचा फ्लोअर कुजला असेल तर तो बदलता येतो, लांबी भरून लपवलेलाही चुंबक लावला की कळतो. चासीचं तसं नाही.

मग तेल. दोन्ही डिफरन्शियलचे, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलमधल्या गिअरच्या गोळ्यांचे, फिलर बोल्ट उघडून बोट बुडवायला मिळालं तर बघ. गिअर ऑइल काळं-सोनेरी असतं आणि उग्र वास मारतं. ते दुधाच्या चहासारखं झालं असेल तर आत पाणी गेलंय, म्हणजे गाडी नाल्यातून गेली आणि नंतर कुणी तेल बदललं नाही. आत बेअरिंगं आणि क्राऊन-पिनियनची काय दशा असेल ती खर्चात धर.

कोल्हापूरच्या गाडीला आणखी एक गोष्ट बघायची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत कोल्हापूर-सांगलीत पाणी कुठवर आलं होतं ते तुला आठवत असेल. आपल्याकडेही २०१९ ला मलप्रभा आणि कृष्णेकाठच्या गावांत तेच झालं. त्या पुरात बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून बाजारात फिरतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ. आतल्या भागावर मातीची रेघ असेल तर ती धुऊन जात नाही. सीटच्या रुळांचे स्क्रू, डॅशबोर्डखालचे वायरचे सॉकेट, मॅटखालचा कोपरा, इथे बारीक गाळ राहतो. डीआय, म्हणजे जुन्या पद्धतीच्या डिझेल इंजिनाची साधी गाडी पुरातून आली तर एक वेळ सावरते, सीआरडीईत सेन्सर आणि इसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर असतो, तो त्रास पुढे दोन-दोन वर्षं डोकं वर काढत राहतो. विम्याचा जुना क्लेम झालाय का तेही विचार, जुनी पॉलिसी मागून घे.

आता फोर बाय फोरची परीक्षा. पक्क्या डांबरावर करू नकोस, मातीचं मैदान बघ. आधी खाली वाकून पुढचा शाफ्ट आहे ना, त्याचे क्रॉस हाताने हलवून ढिले आहेत का ते बघ. मग फोर हायमध्ये, म्हणजे चारही चाकांच्या नेहमीच्या गतीत, टाकून स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरव. गाडी किंचित अडल्यासारखी, जड वाटली पाहिजे. अगदी मोकळी फिरली तर पुढची चाकं काम करत नाहीत. नंतर फोर लोमध्ये, म्हणजे हळू पण जास्त जोराच्या गतीत, पहिला गिअर टाकून चढावर ॲक्सिलरेटरला पाय न लावता क्लच सोड. धड गाडी मुंगीच्या पावलाने चढत जाते. खटखट आवाज आला किंवा गिअर सुटून बाहेर आला तर ट्रान्सफर केस उघडायची वेळ झाली आहे. शेवटी हायवेवर वीस किलोमीटर चालवून थांब आणि चारही हबना हाताची पाठ लावून बघ. एकच हब इतरांपेक्षा जास्त तापलेला असेल तर तिथलं बेअरिंग किंवा ब्रेक धरतोय. २०१२ च्या थारीत डीआय टू व्हील ड्राइव्हही आली होती, हेही ध्यानात ठेव. मागे चिकटवलेल्या अक्षरांवर जाऊ नकोस.

तुला जी गोष्ट जबरदस्त वाटली, म्हणजे मोठे टायर आणि वाढवलेली उंची, तीच मला सगळ्यात खटकली. त्या थारीला पुढे स्प्रिंगचं काम करणारा टॉर्शन बार आहे, मागे पाटे. स्वस्तात उंच करायची तर लोक पुढे बार कसतात आणि मागे लांब शॅकल घालतात. दिसायला दोन-तीन इंच उंची मिळते, पण पुढचे सीव्ही जॉइंट आणि बॉल जॉइंट कायम ताणलेल्या कोनात चालतात आणि लवकर जातात. जड टायरने क्लचवर भार वाढतो, ब्रेक कमी पडतो, स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. पहिल्या पिढीच्या थारीला एअर बॅग नाहीत, २०१२ च्या गाडीला एबीएस नाही. आईला घेऊन पावसात जांबोटीच्या वळणांवरून येणार आहेस तू. माझी पहिली अट हीच: मालकाने कंपनीच्या मापाचे २३५/७० आर १६ टायर आणि मूळ उंची करून द्यावी, नाहीतर तो खर्च किमतीतून वजा करावा. कायद्यानेही तेच बरं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट सांगितलंय. गाडी इथे पुन्हा नोंदवताना इन्स्पेक्टर बघणार. अपघात झाला तर विमा कंपनी याच कारणावर अडून बसते. पुढे लोखंडी बुल बार असेल तर तोही उतरव, २०१७ च्या डिसेंबरपासून केंद्राची त्याला मनाई आहे.

जिप्सीबद्दल मला माया आहे, खोटं कशाला सांगू. वजन टनाच्या आसपास, त्यामुळे आपल्या तांबड्या चिखलावरून ती जाते तशी दुसरी जात नाही. जड जीप जिथे बसते तिथे ही वरच्या वर निघून जाते. तेराशे सीसीचं पेट्रोल इंजिन कुणालाही दुरुस्त करता येतं. पण तुझ्या बाबतीत तीन गोष्टी आड येतात. म्हापशाची म्हणजे वीस वर्षं खारा वारा खाल्लेली चासी, वर सांगितलेली ठोकून बघायची परीक्षा तिथे दुप्पट कडक कर. दुसरं, २००३ ची नोंदणी २०१८ ला संपली, तिथून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण व्हायला पाहिजे. २०२३ चं झालंय का ते आर. सी. वर बघ. झालं नसेल तर ती गाडी म्हणजे फक्त लोखंड. तिसरं, चारही बाजूंना पाटे असल्याने जिप्सी धक्के फार देते. तुला काही वाटणार नाही, दर महिन्याला दवाखान्यात जाणाऱ्या बाईमाणसाच्या कंबरेला वाटेल.

आता कागद. सीमेवर राहणाऱ्यांचा सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. आपल्याकडे कितीतरी लोक एम. एच. शून्य नऊच्या पाटीवर वर्षानुवर्षे गाडी फिरवतात, कारण मधे नुसती एक सीमा आहे आणि पलीकडे पाहुणे आहेत. कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली तर इथला नंबर घ्यावाच लागतो. तू खानापूर तालुक्यातला, म्हणजे के. ए. बावीस, बेळगाव आरटीओ. त्यासाठी कोल्हापूरहून फॉर्म २८ ची एन. ओ. सी. लागते, आणि गाडीवर दंडाची ई-चलनं बाकी असली किंवा कर्ज असलं तर ती अडते. कर्ज फिटलं असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आर. सी. वरचा बोजा आधी उतरवून घ्यायला सांग. इथे आल्यावर कर्नाटकचा आजीवन कर गाडीचं वय आणि मूळ किंमत बघून भरावा लागतो. ही रक्कम लोक हिशोबात धरतच नाहीत. बेळगाव आरटीओत जाऊन त्या मॉडेलचं वर्ष सांगून आकडा काढून आण, मगच किमतीचं बोलणं कर. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण तो अर्ज करायला जुन्या मालकाची साथ लागते. ते आत्ताच ठरवून लिहून घे. अर्ज कन्नड आणि इंग्रजीत असतील. वाचता येत नसेल तर येणाऱ्याकडून वाचून घे, एजंट म्हणाला म्हणून सही करू नकोस.

माझी दुसरी अट: विकणारा आणि आर. सी. वरचं नाव एकच असलं पाहिजे. मालकी बदलाचे सह्या केलेले कोरे २९-३० फॉर्म हातात देऊन गाडी चार हात फिरते, हा प्रकार दोन्ही राज्यांत चालतो. नाव बदललं नाही तोवर कायद्याच्या लेखी मालक जुनाच, आणि मधे अपघात झाला तर दोघेही अडकतात. म्हणून मूळ मालकाला समोर बसव. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून मालक कितवा, बोजा, विमा, मुदत सगळं ताडून बघ. चासी नंबर जिथे ठोकलाय तिथे कागद धरून पेन्सिल घास, छाप उमटेल; अंक सरळ रेषेत, एकाच खोलीचे आहेत का, बाजूला ग्राइंडर फिरवल्याची चकाकी आहे का बघ, आणि आर. सी. शी अंक न् अंक जुळव. इंजिन नंबरही तसाच. जुन्या जिपांमध्ये इंजिन बदललेलं असतं आणि आर. सी. वर जुनंच राहतं. अशी गाडी इथे नोंदवायला गेलास की हेलपाटे सुरू.

२०१२ ची गाडी म्हणजे २०२७ ला पंधरा वर्षं पुरी, हे विसरू नकोस. तेव्हा पुन्हा तपासणी आणि नूतनीकरण आलं. २०२२ पासून चारचाकीची ती फी ६०० वरून ५००० झाली आहे, आणि वीस वर्षांवरच्या गाडीला त्याहून जास्त. फी परवडते, पण तपासणीला गाडी धड लागते. पाच लाख वीस हजार मागणाऱ्याला हे सगळं शांतपणे सांग. माझ्या मते तुझ्या साडेपाच लाखांतले निदान सव्वा लाख बाजूला राहिले पाहिजेत, कर, कागद आणि पहिल्या दुरुस्त्यांसाठी. म्हणजे गाडीला सव्वाचारच्या वर जाऊ नकोस. ही तिसरी अट, आणि ती तुझ्यासाठी आहे. त्यात बसत नसेल तर सोड, दिवाळीनंतर आणखी गाड्या निघतात.

बाबांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. बोलेरोचे भाग नंदगडच्या दुकानातही मिळतात, आईला चढायला सोपी, पोती बसतात. तुमचा नाला आणि ती तीन किलोमीटरची माती नसती तर मीही बोलेरोच सांगितली असती. पण मागच्याच चाकांना ओढ असलेली गाडी जुलैत तिथे जाणार नाही, आणि तू गाडी घेतोयस ती त्याच चार महिन्यांसाठी. थार घेतलीस तर मागच्या आडव्या बाकावर आईला कधी बसवू नकोस. पुढची सीट तिची, आणि दाराखाली एक मजबूत पायरी बसवून घे.

गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात पाचही तेलं बदल: इंजिन, गिअर बॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचा आणि मागचा डिफरन्शियल. मागच्या माणसाने कधी बदललं यावर विश्वास ठेवू नकोस. ग्रीसचे निपल जिथे जिथे आहेत तिथे चिखलातून आल्यावर दर वेळी ग्रीस मार, गन घरीच ठेव. उन्हाळ्यातही आठवड्यातून एकदा शेताच्या मातीवर फोर बाय फोर लावून शंभर-दोनशे मीटर चालव, नाहीतर जून उजाडल्यावर लिव्हर अडकलेला सापडतो. पाऊस सरला की खालून दाबाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, मग रंग किंवा कोटिंग. ओल्यावर मारलंस तर गंज आतच कोंडतो. चिखलात जाताना टायरची हवा अठरा-वीसवर आण, तेवढ्यानेच अर्धं काम होतं. गाडीत पंप, फावडं, चांगला पट्टा आणि दोन रिकामी पोती असू देत. ओढायची झाली तर बंपरला पट्टा बांधू नकोस, चासीच्या हुकालाच.

आणि नाला. पाणी स्वच्छ आणि वाहायला संथ असेल तेव्हा आधी स्वतः काठी घेऊन चालत जा. चाकाच्या मध्याच्या वर पाणी असेल तर गाडी घालू नकोस. मधे इंजिन बंद पडलं तर पुन्हा सेल्फ मारू नकोस. इंजिनाने पाणी ओढलेलं असतं, ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ओढून बाहेर काढ, मेकॅनिकला बोलाव. लाल पाणी खळाळत आलं असेल त्या दिवशी बाग अलीकडूनच बघायची. भीमगडच्या बाजूला मित्रांबरोबर जंगलात गाडी घालायचा मोह होईल, तेही नको; ते अभयारण्य आहे.

कोल्हापूरला जाताना बाबांना बरोबर ने, आणि तुझ्या भागातला एक जुना जीप मेकॅनिकही, दिवसाची मजुरी देऊन. आमचा मिस्त्री अजूनही गिऱ्हाइकाला म्हणतो, "आवाज काय ऐकताय मालक, खाली वाका." बयाणा द्यायचाच झाला तर चासीची पेन्सिल छाप आणि एन. ओ. सी. चा अर्ज हातात आल्यावर, पाच हजारांच्या वर नाही, आणि पावतीवर गाडीचा नंबर लिहून घेऊन.